पायथ्याचा कठडा

म्हाताऱ्या सुताराच्या घरात निदान एक पलंग असेल, असं कुणालाही वाटेल. पण नव्हता. लेक नवऱ्याला सोडून आली, तेव्हापासून ती आणि तिची छोटी पोर भिंगरी जमिनीवर गादी टाकूनच झोपत.

एका सकाळी दुकानाच्या दारात जावई येऊन उभा राहिला. वायरमन माणूस, खिशातून पक्कड डोकावत होती.

“या. जावई म्हणू की गिऱ्हाईक?”

“कोर्टाचं ठरेपर्यंत गिऱ्हाईकच म्हणा, बाबा.”

भिंगरीने आईकडे राहायचं, यावर भांडण नव्हतं. भांडण होतं शनिवारच्या रात्रीचं. बापाला ती मुक्कामाला हवी होती आणि आई ठाम नाही म्हणत होती. आता कोर्टाच्या समुपदेशक बाई त्याची खोली बघायला येणार होत्या. पोरीला झोपायला धड जागा नसेल, तर विषयच संपला. म्हणून त्याला छोटा पलंग हवा होता.

“गावातले बाकीचे सुतार संपले का?”

“तिच्यासाठी तुमच्याइतकं जीव लावून कोण करील?”

म्हातारा आतून विरघळला, पण चेहरा दगडासारखा ठेवून म्हणाला, “बरं. उशाकडे कठडा लावतो, पडणार नाही.”

“उशाकडे नको. पायथ्याला लावा.”

“अहो, हयात गेली माझी पलंग करण्यात!”

“भिंगरी झोपेत अख्खी फिरते, बाबा. उठते तेव्हा डोकं पायथ्याशी असतं.”

तो गेला आणि म्हाताऱ्याच्या डोक्यात भुंगा शिरला. लेक तर कोर्टात सांगून आली होती, की याला पोरीचं काडीचंही ठाऊक नाही. मग हे कुठून कळलं? की ठोकून दिली थाप?

दुपारी भिंगरी गादीवर लवंडली, तसा तो स्टूल ओढून समोर बसला.

“आजोबा, काय बघताय?”

“काही नाही. झोप तू.”

“माझी वाटणी करणार आहेत का?”

“तू काय शेतजमीन आहेस?”

“मग मला विचारतील, कोण हवंय म्हणून?”

म्हाताऱ्याने डोकं खाजवलं. “विचारतीलही. मनात असेल ते सांगायचं. दोघंही हवेत, असंसुद्धा सांगता येतं.”

“चालतं तसं?”

“न चालायला काय झालं?”

ती झोपली. आधी एक पाय सरकला, मग कंबर, मग घड्याळाच्या काट्यासारखी सावकाश सगळीच फिरली. कामावरून परतलेली लेक दारात थबकली.

“बाबा, हे काय चाललंय?”

“ही अशी फिरते, हे तुला ठाऊक होतं?”

“हो. तिकडे पलंगावरून पायथ्याकडून पडायची. हेच उठायचे उचलायला, मला जाग यायची नाही.” तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“गिऱ्हाइकाने. पायथ्याला कठडा मागतोय.”

लेकीने मागे राहिलेली उशी उचलून पायथ्याशी, भिंगरीच्या डोक्याखाली सरकवली. मग तिने वकीलबाईंना फोन लावला. “शनिवारच्या रात्रीला माझी हरकत नाही म्हणून लिहा… सगळ्या नाही हो. आधी एक.”

फोन ठेवून ती बापाकडे वळली. “आणि तो कठडा पॉलिश पेपरने नीट घासा. उगाच कपचा टोचायचा तिला.”

“मला शिकव आता!” म्हणत म्हातारा दुकानाकडे निघाला.