वजनकाट्याशेजारची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण आयुष्यात एकदाही जागची हललेली नाही. कारखान्यातून निघाले ती ट्रकमध्ये बसून थेट जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या एका प्रयोगशाळेत आले. तिथे लठ्ठपणावर संशोधन चाले. लोक माझ्यावर बसत, घाम गाळत आणि होते तिथेच उतरत.

माझ्या शेजारी एक वजनकाटा होता. त्याची आठवण झाली की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. काम काडीचे नाही! नुसते पडून राहायचे आणि कोणी वर उभे राहिले की आकडा दाखवायचा. तरी येणारा प्रत्येक जण आधी त्याच्याकडे धावे. कौतुक त्याचे आणि माझ्याकडे पाहताना कपाळाला आठ्या.

२०१४ च्या सुमारास तिथे हृषिकेशकाका येऊ लागले. ते मूळचे पुण्याचे, तिथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. वजन वाढलेले, मधुमेह उंबरठ्याशी आलेला. त्यांच्या वडिलांची दृष्टी मधुमेहानेच गेली होती, म्हणून ते फार घाबरले होते. आमची संशोधक नंदिनीही पुण्याचीच. तिने त्यांना मराठीतच समजावले.

"काका, चरबी म्हणजे नुसतं साठवणीचं पोतं नाही. ती रक्तातून निरोप धाडते. लेप्टिन मेंदूला सांगतं, साठा भरपूर आहे, खाणं आवरा. पण लठ्ठपणात ते इतकं वाढतं की मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. आणि साखर आटोक्यात ठेवायला मदत करणारं अ‍ॅडिपोनेक्टिन कमी पडतं. सायकल चालवून हे बदलतं का, ते आपण बघतोय."

काका नेमाने आले. त्यांची धाप हळूहळू कमी झाली, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? पण उतरले की ते काट्यावर उभे राहत आणि त्यांचा चेहरा पडे.

शेवटच्या तपासणीला नंदिनीने सुई हातात घेतली आणि विचारले, "काका, उपाशीपोटी आलात ना?"

"गेनाऊ, अगदी! फक्त चहा घेतलाय."

"चहा? साखरेचा?"

"अगं, चहा काय खाण्यात धरतात का?"

नंदिनीने सुई खाली ठेवली. "आजचं रक्त चालणार नाही. परवा परत याल?"

काकांनी काट्याकडे पाहिले. "नको गं. इतके महिने झाले, आकडा जागचा हलत नाही. आता गोळ्याच सुरू करतो." आणि ते निघून गेले.

मित्रांनो, मला रडूच आले. सगळी मेहनत माझ्यावर आणि विश्वास ठेवला तो त्या आळशी काट्यावर!

पण दोन दिवसांनी काका आले. सोबत त्यांच्या पत्नी ऊर्मिलाकाकू होत्या. "अहो, बसा बघू," असे म्हणून त्यांनी काकांना खुर्चीत बसवले. "नंदिनी, चहा मी दिला होता. आज आमच्याकडे चहाचं भांडंच चढलं नाही. मलाही मिळालेला नाही, तेव्हा लवकर आटप!"

काही दिवसांनी निकाल आला. लेप्टिन उतरले होते, अ‍ॅडिपोनेक्टिन वाढले होते, साखरही थोडी मागे हटली होती.

"आणि वजन तेवढंच?" काकांनी विचारले.

"जवळजवळ तेवढंच. सगळ्यांचं असं होतं असं नाही, पण तुमचं झालंय. आल्झो, म्हणजे बघा, सायकल सोडलीत तर मात्र परत पहिल्यासारखं होईल."

काकांनी माझ्या सीटवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. वजनकाट्याकडे त्यांनी वळूनही पाहिले नाही. मला वाटले, आता हे कायमचे माझे झाले.

पण पुढच्याच रविवारी खिडकीखाली काका आणि काकू थांबले. दोघांकडे दोन नव्या सायकली होत्या आणि त्यांची चाके नेकार नदीकाठच्या चिखलाने माखली होती. काकांनी नंदिनीला हात केला, हसले आणि झाडांमधून दिसेनासे झाले. त्या चिखलाचा मला इतका हेवा वाटला की काय सांगू!

मित्रांनो, तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिच्यावर टॉवेल वाळत घालू नका. तिला रोज चालवा. आणि अंगणात चाकांची सायकल असेल, तर तिला घेऊन खुशाल लांब जा. मी इथे जळत राहीन. मला जळू द्या, पण तुम्ही थांबू नका.