गाडीवरचं बोलणं

माझं दुकान म्हणजे एक शटर, एक शिलाई मशीन, फोमचे तक्ते आणि रेक्झिनची भेंडोळी. मी मोटरसायकलच्या सीटा शिवते. गिऱ्हाईक आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "मागे कोण बसतं?" लोक बिचकतात. त्यांना वाटतं, बाईला नसत्या चौकशा. पण मागे बायको एका बाजूला पाय सोडून बसणार असेल तर फोम वेगळा कापावा लागतो, आणि म्हातारे वडील बसणार असतील तर मागच्या जागेला पुढून थोडा उंचवटा द्यावा लागतो, म्हणजे ब्रेक मारला की ते चालवणाऱ्याच्या पाठीवर येऊन आदळत नाहीत. "कोणीच नाही बसत," असं सांगणारेही असतात. त्यांचं काम सोपं असतं.

माझ्या स्वतःच्या गाडीची सीट मी सासूबाईंच्या मापाने शिवली आहे. त्यांना मी आईच म्हणते. आई एका बाजूला पाय सोडून, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून बसतात आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यासाठी मला जबाबदार धरतात.

पूर्वी या गाडीवर आम्ही तिघं बसायचो. पुढे नवरा, मध्ये मी, मागे आई. माझे गुडघे त्याच्या कमरेला आणि आईंची पर्स माझ्या बरगडीत, अशी सगळी वरात निघायची. मग त्याला दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचं काम मिळालं. गाडी इथेच ठेवून तो गेला, आणि आम्ही दोघी एकेक जागा पुढे सरकलो. मला चालवता येत नव्हती. आईंनीच हट्ट धरला. पहिल्याच दिवशी मागे येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पडलो तर दोघी पडू. एकटीने पडण्यात काय मजा?" पडलोही. त्यांचं कोपर सोललं, माझा गुडघा. घरी येऊन दोघी हळद लावत हसत बसलो.

आमच्या घरात एक नियम आहे, तो आईंचा. अवघड बोलणं गाडीवर करायचं. घरात समोरासमोर बसलं की माणूस बोलणं सोडून चेहरा वाचत बसतो, असं त्यांचं म्हणणं. गाडीवर तोंड दिसत नाही, आणि कुणी तडकाफडकी उठून जाऊही शकत नाही. पण एकदा गाडीचा स्टँड लावला की विषय संपला. गाडीवरचं घरात काढायचं नाही. सासरे असल्यापासून हे चालत आलेलं. त्यांच्या पाठीवर आईंनी किती वर्षं काय काय ऐकवलं असेल, ते त्यांचं त्यांनाच माहीत.

नवऱ्याने तिकडे दुसरं घर केलंय, हे मला आईंनी गाडीवरच सांगितलं. उड्डाणपुलावर होतो. "तो आता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तिथे एक बाई आहे. मला कालच कळलं. तुझ्यापासून लपवणार नाही मी." मी गाडी चालवत राहिले. वळायचं ते वळण गेलं, पुढचंही गेलं, गावाबाहेरच्या गोदामांची रांग लागली, तरी आईंनी "वळ" म्हटलं नाही. पेट्रोल रिझर्व्हला आलं तेव्हा कुठे मी भानावर आले. घरी आलो, स्टँड लावला, आणि आईंनी विचारलं, "कांदा चिरू का?" मी म्हटलं, "चिरा." त्या रात्री आम्ही दोघींनी जेवून भांडी घासली. आई लेकाकडे गेल्या नाहीत. त्याच्याशी बोलणंही टाकलं त्यांनी. लोकांना वाटे, सासू-सून एका घरात, रोज भांडी आपटत असतील. आपटायचोच आम्ही. पण ती आमची दोघींची भांडी होती.

मध्ये बरीच वर्षं गेली. माझी दुकानदारी वाढली, आईंचे गुडघे दुखायला लागले, मी सीटचा फोम दोनदा बदलला.

आणि मग एका संध्याकाळी भाजीला जाताना आई मागून म्हणाल्या, "त्याचा फोन आला होता."

"कुणाचा?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"माझ्या मुलाचा. त्याला मुलगी झालीय. आता चालायला लागलीय म्हणे. ये म्हणतोय."

"किती दिवस?"

"ये म्हणतोय, एवढंच."

मंडई आली. मी मुद्दाम पुढे जाऊन फिरून यायला हवं होतं. पण सवयीने जागा दिसली तिथे गाडी घातली, पायाने स्टँड लावला, आणि माझं बोलायचं राहूनच गेलं. आई टोमॅटो निवडायला लागल्या.

त्यानंतर मी गाडी काढायला निमित्तं शोधायला लागले. आज दोरा संपला, उद्या सुया संपल्या, परवा हवा भरायची. आई प्रत्येक वेळी निमूट मागे बसायच्या, आणि वाटेत बोलायच्या कशावर, तर कुणीतरी रस्त्यात ओतलेल्या खडीवर. एकदा तर म्हणाल्या, "अगं, रोज सुया संपतात म्हणजे तू खातेस की काय?" त्यांना सगळं कळत होतं. मीही एवढी हट्टी की स्वतःहून विषय काढीना. मला वाटत होतं, त्यांनी म्हणावं, "महिन्याभरात येते." एवढंच हवं होतं मला. त्यांनी ते म्हटलं नाही, आणि मी विचारलं नाही.

घरात मात्र बॅग भरली जात होती. मी शिवणकाम करते, माझी नजर बारीक. त्यांनी जाड स्वेटर घेतला. थंडीला अजून कितीतरी अवकाश होता. उशी घेतली नाही, तेव्हा जीव जरा भांड्यात पडला, कारण दुसऱ्या उशीवर त्यांना झोप लागत नाही. मग निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी त्यांच्याकडची घराची किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"प्रवासात हरवायची," त्या म्हणाल्या.

मी ती खिळ्याला अडकवली. काही बोलले नाही, घरात होतो.

दुपारची बस होती. बॅग पुढे टाकीवर ठेवली, आई मागे बसल्या. बसस्थानक तसं जवळ आहे, पण मी नदीकाठच्या रस्त्याने घेतली. त्या रस्त्याने जायला काही कारण नव्हतं आणि आईंनी ते विचारलंही नाही. रस्ता मोकळा होता. कपड्यांची एक हातगाडी पुढे होती, ओलांडायला जागा असूनही तिच्या मागे मी बैलगाडीच्या वेगाने चालले होते. मागून हॉर्न वाजत होते. मी आरशात बघितलं. आईंच्या हेल्मेटची कड दिसली आणि काच खाली ओढलेली.

"ऊन आहे," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

नदी संपली. सरळ रस्ता संपला. बसस्थानकाची कमान दिसायला लागली. आयुष्यात ज्या गोष्टी बोलायला माणसं दिवाणखान्यात एकमेकांना बसवून घेतात, त्या आम्ही दोघींनी या गाडीवर सहज बोलून टाकल्या होत्या. मूल होत नाही म्हणून डॉक्टरकडे जाताना बोललो, सासरे गेल्यावर बोललो, माझा संसार मोडला तेव्हा बोललो. आणि आज दोघींनी मूग गिळले होते.

कमानीतून आत शिरले. बस फलाटाला लागलेली होती, वाहक दाराशी चहा पीत उभा होता. मी गाडी थांबवली. पाय स्टँडकडे गेला आणि तिथेच थबकला.

"आई, उतरू नका," मी म्हटलं. "एक चक्कर मारू. वेळ आहे अजून."

त्या उतरायच्या बेतात होत्या. परत नीट बसल्या. हात पुन्हा माझ्या खांद्यावर आला.

मी बसस्थानकाच्या मागच्या बाजूने गाडी घेतली. तिथे बसेस धुतात, सगळीकडे चिखलपाणी, डिझेलचा वास. मी पहिल्या गिअरमध्ये चालवत होते आणि बोलायला लागले. एकदा सुरू झाल्यावर थांबेना.

"आई, जाऊ नका तुम्ही. मला एकटीला नाही राहता येणार. दुकान बंद करून घरी आले आणि दार आतून उघडलं नाही, तर मी काय करायचं ते मला माहीत नाही. त्याला बायको आहे, मूल आहे. मला तुम्हीच आहात. नातीला बघा, महिनाभर राहा, दोन महिने राहा, पण परत या. त्याने सोडलं तेव्हा मी रडले नाही, तुम्ही होतात म्हणून. आता तुम्ही गेलात तर मला रडायलाही कुणाच्या समोर जागा नाही."

नेमकी शेवटच्या वाक्याला एक बस मागे घेत होते. तो मागे घेताना वाजणारा भोंगा, ड्रायव्हरला "येऊ दे, येऊ दे" ओरडणारा माणूस, बसच्या पत्र्यावर थापा. मी वाट काढून पुढे आले. खांद्यावरचा हात होता तसाच होता. आरशात फक्त हेल्मेटची काच.

ऐकू आलं नसणार, असं मला वाटलं. हेल्मेट घातलं की त्यांना कमी ऐकू येतं, आणि हा असला गोंगाट. पुन्हा म्हणायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं म्हणायला लागणार होतं. मी दुसरी चक्कर मारायला वळणार, तेवढ्यात वाहकाने हात उंच करून हाक मारली, "बसा हो, सुटतेय!" मी फलाटाशी आले. थांबले. आई उतरल्या, कारण उतरणं भाग होतं. मी स्टँड लावला.

झालं. नियम असा माझ्याच अंगाशी आला.

मी बॅग वर चढवली. त्यांना खिडकीची जागा मिळवून दिली. शेजारी बसलेल्या मुलीला म्हटलं, "यांना उतरताना जरा हात द्या." पाण्याची बाटली मांडीवर ठेवली. हेल्मेट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं, तेव्हा त्यांचे केस विस्कटले होते. मी हाताने नीट केले. गोळ्या कुठल्या खणात ठेवल्यात ते सांगितलं. त्या प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणत होत्या. माझ्याकडे बघत नव्हत्या.

"दुकान उघडं ठेवून आलीस?" त्यांनी विचारलं.

"बंद करून आले."

"बरं केलंस."

मी खाली उतरून खिडकीखाली उभी राहिले. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं. मी ठरवलं होतं की हसायचं. तोंड वर करून हसले. आईंनी खिडकीची काच सरकवली, बाहेर वाकल्या आणि पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "तू बोललीस ते. सगळं ऐकलं."

बस हलायला लागली. मी तिच्याबरोबर चालत होते.

"मग?" मी विचारलं. सगळ्या स्थानकासमोर, भर दुपारी, त्यांच्या तोंडावर विचारलं.

मला वाटलं, आता ड्रायव्हरला थांबव म्हणतील.

"अगं, त्याने बोलावलं गं," आई म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी त्याने मला बोलावलं."

बस कमानीतून बाहेर पडली, वळली आणि गेली. मी हेल्मेट हातात धरून फलाटावर उभी होते. मी त्यांना कधीच बोलावलं नव्हतं. कसं बोलावणार? त्या घरातच होत्या.