अंजनाचा हत्ती

गागूच्या पहिल्या वाढदिवसाला खेळणं विकत आणायचं नाही, हे जागृतीने लेक पोटात असतानाच ठरवून टाकलं होतं. बाजारच्या खेळण्यांचं काय सांगावं? डोळे निघतात, चाकं निघतात, रंग जिभेला लागतो. आणि गागूचा तर सगळा कारभार तोंडातूनच. चप्पल, चार्जर, तुळशीच्या कुंडीतली माती. चव घेतल्याशिवाय कुठल्याच गोष्टीवर तिचा विश्वास बसत नसे.

लोणखेड्याच्या त्यांच्या घरात मागच्या खोलीत जागृतीचं मशीन होतं. स्क्रोल सॉ. शिलाई मशीनच्या सुईसारखी खालीवर चालणारी, काडीएवढ्या बारीक ब्लेडची करवत. तिच्यावर ती दारावरच्या नावाच्या पाट्या, किल्ल्या टांगायचे मोर, देवघराच्या जाळ्या कापायची आणि शहाद्याला रिंकूच्या भेटवस्तूंच्या दुकानात विकायला ठेवायची. पण ते सगळं पातळ प्लायवुडचं काम. गागूसाठी तिला जाडजूड लाकूड हवं होतं. स्वतःच्या पायांवर उभा राहील असा हत्ती, त्याचेच पाच तुकडे एकमेकांत बसणारे; आणि एकेक तुकडा असा की पोरीने तोंडाचा कितीही आ केला तरी आत जाऊ नये.

"इतलुसं पोरनं तोंड, त्याले बी माप लावी ऱ्हायनी!" सासूबाई, छबूबाई, टेप हातात घेतलेल्या सुनेकडे बघून म्हणाल्या. "आम्ही चार पोरं वाढाया. कोणले मोजं नही."

बोलायच्या तशा, पण लाकूड त्यांनीच दिलं. जुन्या बैलगाडीचा एक तुकडा गोठ्याच्या माळ्यावर पडून होता, काळसर तांबडा, हातात घेतला की दगडासारखा वाटणारा. 

"अंजननं लाकूड शे," त्या म्हणाल्या. "तुन्हं मशीन रडी, देखजो."

मशीन रडू नये म्हणून जागृतीने आधी चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला बसल्यासारखी ती कामाला लागली. जाड, टणक लाकडाला बारीक दातांचं ब्लेड चालत नाही. भुसा बाहेर पडायला जागा हवी, म्हणून मोठ्या, विरळ दातांचं लावलं. ब्लेड ताणून बसवलं आणि नखाने छेडून पाहिलं. तार वाजावी तसं वाजलं, तेव्हा ठीक. मग गुण्या लावून ब्लेड टेबलाला काटकोनात आहे की नाही ते तपासलं. पातळ लाकडात थोडं तिरकं चालून जातं. जाड लाकडात तसं झालं तर हत्तीचा पाय एका बाजूने निघतो आणि दुसऱ्या बाजूने अडकून बसतो. ठोकळ्याच्या कडा घासून गोल केल्या. वर पार्सलची चिकटपट्टी लावली, तिच्यावर हत्तीच्या चित्राचा कागद चिकटवला. चिकटपट्टीने ब्लेड तापत नाही, लाकूड जळत नाही.

एक नियम मात्र कुठल्या व्हिडिओतला नव्हता, तिचा स्वतःचा होता. मशीन चालू असताना खोलीला आतून कडी. आणि ब्लेड तुटलं, तर त्याचे तुकडे नव्या ब्लेडशेजारी जुळवून, पूर्ण लांबी भरल्याशिवाय कडी काढायची नाही. तुकडे एका डबीत, डबी वरच्या फळीवर.

"तुले ना, वहम शे," छबूबाई म्हणायच्या. भाग्येश, तिचा नवरा, हसायचा. तो धडगावला सरकारी कचेरीत होता, शनिवारी घरी यायचा. वाढदिवस रविवारी होता.

गुरुवारी दुपारी सोंड आणि मागचा पाय कापून झाले. दोन्ही तुकडे दोन्ही बाजूंनी लोण्यातून निघावे तसे निघाले आणि जागृतीला आभाळ ठेंगणं झालं. पोटाच्या वळणावर आली तेव्हा मात्र करवत रेंगाळायला लागली. लाकडाचा जळका वास यायला लागला, भुसा चॉकलेटीचा काळा झाला. दात बोथट झाले, ब्लेड बदल, असं मशीन जणू ओरडून सांगत होतं. तिला कळतही होतं. पण एवढं वळण संपलं की झालं, या मोहात तिने लाकूड जरा जोराने ढकललं. जाड लाकडाला ढकलायचं नसतं. ब्लेड खाईल तेवढंच त्याला द्यायचं असतं.

टण्णकन आवाज झाला.

तिने मशीन बंद केलं. वरचा तुकडा चिमट्यात लटकत होता. खालचा ठोकळ्यातून अलगद ओढून काढला. दोन्ही डबीत टाकले आणि जुळवायला नवं ब्लेड हातात घेणार, तोच फोन वाजला. भाग्येश.

धडगावचा फोन म्हणजे अवचित आलेला पाहुणा. घाटातल्या कुठल्याशा वळणावर उभा राहून तो लावायचा. उचलला नाही तर पुन्हा लागेल याचा भरवसा नाही, आणि घरात नुसती रिंग वाजायची, बोलणं ऐकू यायचं ते फक्त अंगणातल्या निंबाखाली. ठोकळा फरशीवर ठेवून जागृती कडी काढून धावली.

"केक शहाद्याहून घ्यायचा की—" इतकं बोलून फोन कटला. ती निंबाखाली उभी राहून हॅलो हॅलो करत राहिली. परत लागेल म्हणून थांबली. लागला नाही.

ती खोलीत आली तेव्हा मशीनच्या टेबलाखाली गागू बसली होती. हातात ठोकळा, भुशाने माखलेले गुडघे, हनुवटीवरून लाळेची धार. आणि ती काहीतरी चघळत होती.

"आई!" जागृती किंचाळली.

छबूबाई ओसरीवरून धडपडत आल्या. "मन्हा जरासा डोया लागना, माय... काय व्हयनं?"

जागृतीने गागूच्या तोंडात बोट घातलं. ओलं झालेलं शेंगेचं फोलपट निघालं. जीव खाली पडणार, तोच तिला डबी आठवली. तिने हात लांबवून डबी काढली, दोन्ही तुकडे नव्या ब्लेडशेजारी ठेवले. एकाचं टोक वरून, एकाचं खालून. मध्ये जागा उरली. बोटाच्या पेराएवढी.

भाग्येशने एका फुटक्या स्पीकरमधून काढून दिलेलं लोहचुंबक तिने फरशीवर फिरवलं. टेबलाखाली, मशीनच्या पायांत, भुशात, गागूच्या फ्रॉकच्या घडीघडीत. दोन टाचण्या निघाल्या, एक गंजका स्क्रू निघाला. ब्लेडचा तुकडा नाही.

"अशी गोरीमोरी नको व्हवू," छबूबाई म्हणाल्या. "तिनी खादं असतं तर रडती नही का? देख, हसी ऱ्हायनी."

"आई, दात आहेत त्याला! करवतीचे दात!"

ते ऐकून छबूबाईंनीच पदर खोचला, शेजारच्या चुडामणला हाक मारून रिक्षा काढायला लावली, आणि चप्पल न घालता पुढे जाऊन बसल्या.

शहादा असं किती लांब? पण त्या दिवशी प्रत्येक गतिरोधक जागृतीला पोटात लागला. गागू मांडीवर. तिच्या हातून ठोकळा काढायला गेलं की ती भोकाड पसरायची, म्हणून तो तसाच तिच्या कवेत. जागृती तिचा श्वास ऐकत होती. एक शिंक आली तरी दोघी बायका दचकत होत्या.

बालरोगतज्ज्ञ बाईंनी आधी गागूला नीट तपासलं. घसा पाहिला, छातीला नळी लावली.

"खोकली का? उलटी? पाणी प्यायली का नंतर?"

"तिला काही देऊच दिलं नाही मी," जागृती म्हणाली, आणि बरोबर आणलेलं नवं ब्लेड पुढे केलं. "यातला मधला एवढा तुकडा. नक्की गिळलाय असं नाही, मॅडम. पण नाही गिळला असंही..."

"बरोबर केलंत. नुसता अंदाज काय कामाचा? फोटो काढू गळ्यापासून पोटापर्यंत, म्हणजे संपलं."

एक्स-रेच्या थंड खोलीत गागूने रडून आकांत मांडला. तिथला तंत्रज्ञ पवन, वयाने लहानच, घामाघूम झाला. छबूबाईंना जड एप्रन घालून पोरीला धरायला उभं केलं. तरी ती धनुष्यासारखी वाकायची. शेवटी छबूबाई म्हणाल्या, "दी द्या तिले तिन्हं लाकूड. लाकूडच शे, त्याले काय व्हस?" ठोकळा पोटाशी आला आणि गागू गप्प झाली, जशी काही कधी रडलीच नव्हती. पवननेही सुटकेचा श्वास टाकून बटण दाबलं.

जागृती काचेपलीकडे होती. पडद्यावर चित्र उमटलं. इवल्या बरगड्या, माळेसारखा कणा. आणि पोटावर एक पांढरी रेघ. सरळ, बारीक, लख्ख.

तिने भिंत धरली.

"पवनदादा," तिने हाक मारली.

पवन पडद्याजवळ वाकला होता. त्याने चित्र मोठं केलं. रेघेच्या एका कडेला दात दिसले, अगदी मोजता येतील असे. मग तो मागे सरकला आणि डोकं खाजवायला लागला.

"ताई, एक सांगा. हा चौकोन कसला?"

रेघेभोवती एक फिकट करडा चौकोन होता. कोपरे गोल केलेला. त्याच्या एका अंगाला सोंडेच्या आकाराची रिकामी खाच.

जागृती बघत राहिली. ते कोपरे तिने स्वतः घासले होते. पॉलिश पेपर हातात धरून, एक दुपारभर.

"लाकूड," ती म्हणाली. "अहो, ते लाकूड आहे! काढा तिच्या हातून! रडू द्या!"

गागू रडली. अख्ख्या दवाखान्याने ऐकलं. दुसरं चित्र उमटलं: बरगड्या, कणा, पोटातले वाऱ्याचे काळे बुडबुडे. रेघ नाही. करवतीचा दात नाही. काही म्हणजे काही नाही.

डॉक्टर बाई आल्या, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून पाहिली आणि चष्मा काढून हसायला लागल्या. "पोरगी ठणठणीत. हत्तीचं मात्र ऑपरेशन करावं लागेल."

जागृतीला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. रडता रडता तिने गागूला पाणी पाजलं. गागू गटागटा प्यायली, खोकली नाही, उरलेलं पाणी तिने आईच्या अंगावर फुर्रकन उडवलं. ते फवारे जागृतीने तसेच तोंडावर घेतले. पुसले नाहीत.

छबूबाई बाकावर बसल्या होत्या. एप्रन काढायचा त्या विसरल्या होत्या.

"आई, ठीक आहे आता."

"माले काय झायं? मी कोठे घाबरनू?" त्यांनी पदराने डोळे टिपले. "तो एप्रन भलता जड शे, त्यामुये."

परतताना चुडामणने विचारलं, "काय निंघनं, काकू?"

"हत्ती आजारी शे," छबूबाई म्हणाल्या. "पोरले काहीच नही."

घरी आल्यावर जागृतीने ठोकळा उजेडात धरला. कापलेली फट काळी, जळकी, केसाएवढी. अंजनाच्या लाकडाने आतून आवळून तुकडा घट्ट धरला होता, आणि काळ्यावर काळा असल्याने वरून काही दिसत नव्हतं. खालचा तुकडा अलगद निघाला, म्हणजे सगळंच निघालं, असं ती धरून चालली होती. फोन आला नसता तर जुळवताना कळलं असतं. तिने फटीत पातळ पत्र्याची पट्टी घालून हलकेच पिळली. लाकूड कुरकुरलं, फट उघडली, आणि फरशीवर टिंग असा आवाज झाला.

तिने तो तुकडा लोहचुंबकाने उचलला. डबीतल्या दोघांमध्ये ठेवला. टोकाला टोक लागलं. नव्या ब्लेडशेजारी ती तुटकी लांबी जरासुद्धा कमी भरली नाही. ती कितीतरी वेळ त्या पूर्ण ओळीकडे बघत बसली, आरतीनंतर निरांजनाकडे बघावं तशी.

दारात छबूबाई उभ्या होत्या. गागू त्यांच्या कडेवर, ओढणीने कमरेला बांधलेली. "मोजं का?"

"मोजलं, आई. पूर्ण आहे."

"परत मोज," छबूबाई म्हणाल्या.

वहमाचं नाव त्या घरात त्यानंतर निघालं नाही.

शुक्रवारी जागृतीने हत्तीचं पोट पुरं केलं. या वेळी ब्लेडला मेण घासलं, आणि करवत जरा रेंगाळली की ब्लेड बदललं. बोथट व्हायची वाट पाहिली नाही. लाकूड ढकललं नाही. तीन ब्लेडं गेली, पण एकही तुटलं नाही. अंजनाच्या गाभ्यातून चॉकलेटी भुसा बारीक पडत राहिला आणि जळका वास कुठेच आला नाही.

शेवटच्या वळणावर होती, तेवढ्यात फोन वाजला. धडगाव. जागृतीने फोनकडे पाहिलं, दाराच्या कडीकडे पाहिलं, आणि दोन्ही हात लाकडावरच ठेवले.

फोन वाजून बंद झाला. थोड्या वेळाने अंगणातून, निंबाखालून, छबूबाईंचा आवाज आला. त्यांच्या फोनवर लावला होता वाटतं.

"ती काम करी ऱ्हायनी! आते नही येवाव! ...केक? केकनं मी देखस. तू घाटमा नीट उभा ऱ्हाय, भाऊ, आनि नंतर फोन कर!"

जागृती एकटीच हसली. करवत पोटाच्या वळणावरून वळली, पायाखालून गेली, आणि पाचवा तुकडा आपल्या जागेवरून अलगद सुटून तिच्या तळहातावर आला. तो एवढा मोठा होता की कुणाच्याच तोंडात मावला नसता.