नावांची एकच फाइल

विहारासाठी येसूबाईने दोन गुंठे जमीन फुकट दिली, आणि उद्घाटनाच्या पत्रिकेत तिचंच नाव नव्हतं. का, तर तिला पद नाही. मालगुंडच्या अलीकडे आमचं एवढंसं गाव, पण मंडळाची गावची शाखा आणि मुंबईची शाखा मिळून पदाधिकारी तेवीस, मला सोडून. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला 'समस्त ग्रामस्थ' या दोन शब्दांत बसवायचं, असं मुंबईच्या अध्यक्षांनी फोनवरून ठरवलं.

इकडे येसूबाईने पत्रिका वाचायची म्हणून नवा चष्मा करून घेतलेला. प्रौढवर्गात तिला अक्षरं मीच शिकवली होती. "माजा नाव हाय ना गो त्येत?" असं ती दर भेटीत विचारायची, आणि मी काहीतरी थातूरमातूर सांगून पळ काढायचे.

मी रेणुका, निवृत्त शिक्षिका, राहते रत्नागिरीत. अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं आणि मग टायपिंग गळ्यात मारलं. मुंबईहून रोज फोन. याला वर घ्या, त्याला खाली घ्या. तीच यादी पत्रिकेत, बॅनरवर, आभारपत्रात आणि कोनशिलेच्या मजकुरात. एक नाव हललं की चार फायली उघडा. माझं डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी भाची दर्शना मदतीला आली. ती म्हणाली, "आत्या, नावांची एकच फाइल ठेव. तिथून कॉपी कर आणि चारही ठिकाणी पेस्ट करताना 'पेस्ट लिंक' निवड. मग बदल फक्त मूळ फाइलीत करायचा. बाकीच्या फायली उघडताना विचारतील, ताजी माहिती घेऊ का? हो म्हणायचं."

मी हो म्हणायला शिकले. खरं सांगते, पेन्शन सुरू झाली तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता.

त्याच आठवड्यात अध्यक्षांनी अकराव्यांदा क्रम बदलला. मी येसूबाईच्या नावाचा विषय काढला, तर म्हणाले, "मॅडम, भावनेच्या भरात पत्रिका निघत नाही." माझं पित्त खवळलं. रात्री मूळ फाइल उघडली आणि प्रत्येक नावापुढे मनातलं लिहून टाकलं. अध्यक्ष: तीन वर्षांत एकदा आले, जेवून गेले. उपाध्यक्ष प्रमोद: चिरे वाहताना कंबर धरली, फोटोच्या वेळी सुटली. स्वागताध्यक्ष: सख्ख्या सासूचं स्वागत करत नाहीत. असे तेवीसच्या तेवीस. सर्वांत खाली लिहिलं, येसूबाई: जमीन हिची, बाकीचे खुर्च्या अडवायला. एवढं झाल्यावर गाढ झोप लागली, आणि सकाळी ते पुसायचं लक्षात राहिलं नाही.

सकाळी पत्रिकेची फाइल उघडली. ताजी माहिती घेऊ का? हो. पन्नास वेळा वाचलेली पत्रिका परत काय वाचायची? तशीच छापखान्यात पाठवली.

दुपारी छापखान्याच्या फुजैलचा फोन आला. "मॅडम, असंच छापू? जरा वेगळं वाटतंय." मी बांगडे साफ करत होते, हात मासळीत. गेल्या वेळच्या छापखान्याने मनानेच दुरुस्त्या केल्या होत्या, म्हणून मी ठणकावलं, "एक अक्षर हलवायचं नाही. पस्तीस वर्षं शुद्धलेखन तपासलंय मी." बिचाऱ्याने चारशे प्रती छापल्या आणि गठ्ठा परस्पर गावी पाठवला. संध्याकाळपर्यंत पत्रिका घरोघरी गेली होती आणि तिचा फोटो मुंबईत पोचला होता.

रविवारी तातडीची सभा लागली. अध्यक्ष मुंबईहून जातीने आले, त्यामुळे त्यांच्यापुढची नोंद तेवढी खोटी ठरली. "हे कुणी लिहिलं?" त्यांनी विचारलं. "मी," म्हटलं. नाही म्हणायला जागा होती कुठे? मग एकेक जण उठला. प्रमोद म्हणाला, "माज्यापुरता काढा. बाकीच्यांचा तसा काय चुकीचा नाय." स्वागताध्यक्षही तेच म्हणाले. तेवीस जणांचं बावीस जणांबद्दल एकमत, असा ठराव आमच्या शाखेत पूर्वी कधी झाला नव्हता. येसूबाईच्या ओळीला मात्र कुणी हरकत घेतली नाही. लोखंड गरम होतं. मी म्हटलं, "मग येसूबाईचं नाव सर्वांत वर." अध्यक्ष आढ्याकडे बघत "घ्या" म्हणाले.

मंगळवारी नव्या पत्रिकेचा कच्चा कागद घेऊन मी येसूबाईकडे गेले. आधीची तिच्या हाती कुणी पडू दिली नव्हती. छापायच्या आधी तिने वाचावं, अशी माझी फार हौस होती. तिने चष्मा लावला, बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. स्वतःचं नाव दोनदा वाचलं. आता पाठीवर हात पडणार म्हणून मी वाट बघत बसले.

तिने कागद उलटा केला, मागे काही नाही बघून परत सुलटा केला. "हौसाचा नाव कुठं?"

हौसा तिची थोरली जाऊ. वारून सहा वर्षं झाली.

"जमीन दोघींची हुती गो. तिनं आधी अंगठा दिलान, मंग मी सही केली."

जमिनीचा तो कागद मीच लिहिला होता. हौसाचा अंगठा शाईत बुडवून मीच त्या कागदावर टेकवला होता. तेवीस जणांची उणीदुणी मला तोंडपाठ, आणि हौसा एकदाही आठवली नाही. मला इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

येसूबाईने कागद माझ्या हातात दिला.

"लिव तिचा," ती म्हणाली, "माज्या वर."