पाहुण्याचा कोपरा

पाहुण्याच्या भुवयांवर व्हॅसलीन चोळताना मॅडमचा अंगठा डाव्या भुवईपाशी थबकला. तिथे एक ताजा व्रण होता, घाईघाईत शिवलेला, आणि तो कोणाच्या ठोशाने झाला हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांच्याच भाच्याने उपांत्य फेरीत ही भुवई फोडली होती. तेव्हा समोरच्या कोपऱ्यातून घसा फाटेस्तोवर ओरडणाऱ्याही त्याच होत्या, "तिथेच मार, तिथेच!" आता त्याच जागेवर त्या व्हॅसलीनचा दुसरा थर देत होत्या.

"डोळा मीट," त्या म्हणाल्या.

पाहुण्याने डोळा मिटला. काळाभोर, सडपातळ, लांब हातांचा मुलगा. स्टूलवर ताठ बसला होता, एखाद्या दवाखान्यात बसावं तसा.

समोरच्या कोपऱ्यात भाचा दोरांना पाठ लावून जागच्या जागी उड्या मारत होता. कॉलेजात त्याला हातोडा म्हणत आणि घरी पिल्लू. मावशीच्या तोंडून जिममध्येही कधी चुकून पिल्लू निघून जाई आणि मग पंचिंग बॅगांमागे खसखस पिकत असे. आज हसायला कोणी नव्हतं. सुट्टीच्या दुपारी जिमला आतून कडी होती आणि हातोड्याच्या कोपऱ्यात मॅडमऐवजी नकटेकाका उभे होते. काकांचं नाक तरुणपणी तीनदा मोडलं होतं. चौथ्यांदा मोडायला काही शिल्लकच राहिलं नाही, असं ते स्वतःच सांगत.

मॅडम पाहुण्याच्या कोपऱ्यात उभ्या होत्या त्याला कारण जिमचा जुना दंडक होता. रिंगमध्ये कोणी एकट्याने उतरायचं नाही. पाहुणा आपला माणूस न घेता आला, तर जिमच्या मुख्य कोचने त्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं, त्याचं रक्त पुसायचं, त्याला मनापासून सल्ला द्यायचा आणि आपला खेळाडू दुसऱ्याच्या हाती सोपवायचा. मॅडमच्या गुरूंनी हा दंडक घातला होता आणि मॅडमनी तो कधी मोडला नव्हता. अर्थात, समोर घरचंच पोर असण्याची वेळ आजवर आली नव्हती.

उपांत्य फेरी संपल्यावर हातोड्याने दोरांवरून वाकून या हरलेल्या मुलाला एक शब्द ऐकवला होता. त्या शब्दात मुलाचा रंग होता, बोटीतून मजुरीला आलेले त्याचे पणजोबा होते आणि एक जनावर होतं. कोणाच्या तरी फोनमध्ये तो टिपला गेला आणि दुसऱ्या दिवशी गावभर झाला. कॉलेजने हातोड्याला निलंबित केलं. त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली, स्वयंपाकघरात मावशीपुढे बसून ओक्साबोक्शी रडला. "एकदाच गं मावशी. जिंकल्याच्या धुंदीत जीभ घसरली." निवड चाचणी तोंडावर आली होती. ती हुकली की पोराचं बॉक्सिंग संपलंच. प्राचार्यांनी मॅडमना बोलावून सांगितलं होतं, "हे एकदाच घडलं आणि पुन्हा घडणार नाही, असं तुम्ही छातीठोकपणे सांगा. तुमच्या शब्दावर मी निलंबन उठवतो." उत्तर उद्या द्यायचं होतं.

एकच कुसळ डोळ्यात सलत होतं. त्या हरलेल्या मुलाचं म्हणणं होतं की तो शब्द एकदा नाही, लढतभर त्याच्या कानात ओतला जात होता. तसं सांगायला त्याच्या कोचने मॅडमना फोनही केला होता. मॅडम फणकारल्या होत्या, "हरलेल्या पोराला सगळंच ऐकू येतं," आणि फोन ठेवून दिला होता.

आणि आज हाच मुलगा खांद्यावर बॅग टाकून दारात उभा राहिला. माफी नको, म्हणाला. तीन राउंड द्या. मग मी स्वतः प्राचार्यांना सांगेन, माझी तक्रार नाही. मॅडमना ते एकदम पटलं. रिंगमधलं रिंगमध्ये मिटावं, याच मताच्या त्या होत्या.

घंटा झाली.

हातोडा सुरुवातीपासूनच सुसाट सुटला. डावा, डावा, मग उजवा. पाहुण्याचं डोकं मागे झटकलं गेलं आणि घामाचे थेंब मॅडमच्या तोंडावर उडाले. पाहुणा लांब हातांचा होता, त्याने मोकळ्या जागेत खेळायला हवं होतं. पण तो पावला-पावलाने मागे सरकत आपल्याच कोपऱ्यात येऊन अडकला. पाठ खांबाला लागली आणि हातोड्याने त्याच्या बरगड्या कुटायला घेतल्या. ठोसे इतके जवळ बसत होते की मॅडमना त्यांचा आवाज पायांखालच्या फळ्यांतून जाणवत होता.

"कोपरा सोड! डावीकडून निघ!"

पाहुणा निघाला नाही. त्याने हातोड्याला मिठी मारली. दोघे एकमेकांना लगटून धापा टाकत राहिले, आणि मॅडमना आपल्या भाच्याचा लढणारा चेहरा समोरून दिसला. इतकी वर्षं त्यांनी त्याची पाठ पाहिली होती. पाठ सुंदर होती. चेहऱ्यावर मात्र काहीच नव्हतं. त्याचे ओठ हलत होते, पण काका पलीकडून "सोडा, सोडा!" म्हणून बोंबलत होते आणि मॅडमना काही ऐकू आलं नाही.

राउंड संपला तेव्हा पाहुण्याच्या नाकातून रक्ताची धार लागली होती. मॅडमनी कापसाचा बोळा आत सारला आणि नाक चिमटीत धरलं.

"तिथे अडकून मार कशाला खातोस? मी ओरडतेय ते ऐकू येत नाही का तुला?"

पाहुणा बादलीत थुंकला. थुंकी लाल होती.

"मला येतं," तो म्हणाला.

दुसऱ्या राउंडमध्ये त्याने थोडा मार दिलाही. एक सरळ उजवा हातोड्याच्या दातांवर असा बसला की हातोडा दोन पावलं लटपटला. पण पुन्हा तेच. मागे, मागे, आणि कोपऱ्यात. हातोड्याने त्याचा ओठ फाडला. नंतर पोटात एक, त्याच जागी दुसरा, त्याच जागी तिसरा. पाहुण्याच्या घशातून ओकारी आल्यासारखा आवाज निघाला. मॅडमच्या पांढऱ्या बाहीवर रक्ताची चिळकांडी उडाली. त्याने पुन्हा हातोड्याला मिठी मारली आणि त्या अवस्थेतही त्याला खांद्याने असं फिरवून घेतलं की हातोड्याचं तोंड थेट मॅडमकडे आलं. यावेळी काकांना खोकल्याची उबळ आली होती. हातोड्याने हनुवटी पाहुण्याच्या खांद्यावर टेकवली. मिठीत गेलास की हनुवटी खांद्यावर टेक, श्वास घे, हे मॅडमनीच त्याला शिकवलं होतं.

मग तो बोलला. दातांवरच्या गार्डमुळे शब्द किंचित बोबडा आला, पण स्वच्छ आला. तोच शब्द. त्यानंतर पाहुण्याच्या आईबद्दल काहीतरी. मग पुन्हा तोच शब्द. आवाजात राग नव्हता. दार लोटून घे, असं घरात सांगावं तितक्या सहज त्याने ते म्हटलं.

पाहुण्याचे हात क्षणभर सैल पडले. आणि त्या क्षणाची वाटच पाहत असल्यासारखा हातोड्याचा अपरकट खालून वर आला. पाहुणा गुडघ्यावर कोसळला.

हा क्रम मॅडमच्या ओळखीचा होता. मिठी, हनुवटी, क्षणभर थांबणं, आणि अपरकट. उपांत्य फेरीत त्यांनी तो चारदा पाहिला होता आणि चारही वेळा टाळ्या पिटल्या होत्या. पोराला टायमिंग काय सापडलंय, असं त्या रात्री त्यांनी ताईला, पोराच्या आईला, फोनवर कौतुकाने सांगितलंही होतं.

पाहुणा उठला. घंटा झाली. तो स्टूलवर येऊन बसला तेव्हा मॅडमनी पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली आणि अर्धं पाणी त्याच्या छातीवर सांडलं. त्यांना शरम वाटत होती, आणि शरमेपेक्षा संताप जास्त होता. कोणाचा, ते तेव्हा त्यांना सांगता आलं नसतं.

"डावा हुक मारला की त्याचा उजवा कोपर बाहेर जातो," त्या खाली वाकून म्हणाल्या. "उजव्या बरगड्यांखाली उघडा पडतो. तुझा डावा तिथे घाल."

पाहुण्याने सुजलेल्या डोळ्याने त्यांच्याकडे पाहिलं. "नक्की?"

"लहानपणापासून ओरडतेय त्याच्यावर. जात नाही त्याची ती सवय."

ही गोष्ट जगात फक्त दोघांना माहीत होती. आता तिघांना झाली.

तिसऱ्या राउंडला पाहुणा कोपऱ्यात आलाच नाही. रिंगच्या मधोमध उभा राहिला आणि वाट पाहू लागला. हातोड्याने दोनदा हूल दिली, मग सगळा भार टाकून डावा हुक फिरवला. कोपर बाहेर गेला. पाहुणा हुकच्या खालून बुडी मारून आत शिरला आणि त्याचा डावा हात मनगटापर्यंत बरगड्यांखाली घुसला.

यकृतावरचा तो ठोसा लगेच कळत नाही. हातोडा अर्धं पाऊल पुढेही आला. मग त्याचे डोळे मोठे झाले, पाय गेले आणि तो कुशीवर पडला. तोंड उघडं, पण हवा आत जाईना. गार्ड बाहेर पडला आणि त्यामागून लाळेची तार.

पाहुणा मागे हटला नाही. तो पडलेल्यावर वाकला आणि त्याने कानशिलावर आणखी एक ठोसा मारला. मग दुसरा.

"मॅडम!" काका किंचाळले. "मॅडम, थांबवा त्याला!"

मॅडमच्या एका शब्दावर तो थांबला असता. यापेक्षा कितीतरी कमी कारणासाठी त्यांनी आजवर लढती थांबवल्या होत्या. पण त्या दोर घट्ट धरून उभ्या राहिल्या. तिसरा ठोसा पडला तेव्हा काका दोरांखालून घुसले आणि त्यांनी पाहुण्याला कमरेला धरून मागे ओढलं. तेव्हा कुठे मॅडमच्या तोंडातून निघालं, "बस."

काका हातोड्याला उताणा करून त्याचे गुडघे पोटाशी दाबू लागले. पहिला श्वास आत गेला तेव्हा तो लहान मुलासारखा रडला. मॅडमनी ते ऐकलं, दोर सोडले आणि पाहुण्याचे ग्लोव्हज काढायला घेतले. काम हातातलं अर्धवट टाकायचं नाही, हाही दंडकाचाच भाग होता.

"ते पडल्यावरचे मारायला नको होते," पाहुणा म्हणाला.

"नको होते," मॅडम म्हणाल्या. "मीही थांबवायला हवं होतं."

त्याने बोटं उघडमीट केली. "पहिल्याच राउंडला तुम्हाला ऐकू जाईल असं वाटलं होतं."

मॅडमचे हात थांबले. तो मागे-मागे येत होता, पुनःपुन्हा त्याच कोपऱ्यात येत होता, ते सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून सरकलं.

"म्हणून एकटा आलास?"

"एकटा नाही आलो. आमचे सर बाहेर गाडीत बसलेत." त्याने बॅगेची चेन ओढली. "ते आत आले असते तर तुम्ही तिकडे उभ्या राहिल्या असतात."

दारापाशी तो एकदा वळला. ओठ सुजल्यामुळे त्याचं बोलणंही बोबडं झालं होतं. "कबूल केलंय तसं सांगेन. माझी तक्रार नाही. बाकी तुमचं तुम्ही बघा."

काका त्याला सोडायला बाहेर गेले. हातोडा उठून रिंगच्या कडेला बसला होता, पाय खाली सोडून. कानशील फुगलं होतं. मावशी जवळ आल्यावर त्याने सवयीने दोन्ही हात पुढे केले, ग्लोव्हज काढून घ्यायला.

"कोपराचं तूच सांगितलंस ना त्याला?"

"हो."

"का गं?" त्याचा आवाज फुटला. "मी तुझा ना?"

मॅडम त्याच्यापुढे खाली बसल्या आणि त्यांनी डाव्या ग्लोव्हची नाडी सोडवायला घेतली. हे हात त्यांनी घडवले होते. ताईच्या रात्रपाळ्या असत तेव्हा या हातांना त्यांनी घास उचलायला शिकवलं होतं, मूठ आवळायलाही शिकवलं होतं. त्याच्यावरची माया तसूभरही कमी झालेली नव्हती, आणि हेच त्यांना सहन होत नव्हतं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "खाल्ला मी मार. फिटलं सगळं. तो तक्रार पण मागे घेतोय. उद्या तू प्राचार्यांना सांग फक्त, एकदाच झालं होतं म्हणून. एक संधी दे, मावशी."

डावा ग्लोव्ह निघाला. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"उद्या तू चल माझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "प्राचार्यांच्या खुर्चीजवळ जायचं. हनुवटी त्यांच्या खांद्याला लागेल इतकं जवळ. आणि मघाशी दुसऱ्या राउंडला जे म्हणालास, ते त्यांच्या कानात म्हणायचं. तेवढंच हळू, तसंच. मग संधी मागायची."

भाच्याने तोंड उघडलं. "मी कधी काय…" एवढं म्हणून त्याची नजर समोरच्या कोपऱ्याकडे गेली. तिथलं स्टूल, बादली, आणि मावशी उभी होती तिथपासून खांबापर्यंतचं ते हातभर अंतर. मॅडमनी उजव्या ग्लोव्हची गाठ चाचपली. घामाने ती आवळून बसली होती, सुटेना, म्हणून त्यांनी वाकून तिला दात लावले.