कोकिळा दोनदा

माझी सून वैजयंती कॉम्प्युटरवर काम करते. पण आपल्या बँकेतल्यासारखा कॉम्प्युटर नाही हं तो. मशीन तिकडे परदेशात, कुठल्याशा विमा कंपनीचं, मेनफ्रेम म्हणतात त्याला. आणि ही इकडे सिंधीपुऱ्यात, माझ्या मधल्या खोलीत बसून त्याला हुकूम सोडते. मागल्या साली माझ्या पायाचं हाड मोडलं तेव्हा पुण्याहून कामासकट आली, आणि पाय बरा झाला तरी राहिली. नवरा पुण्यात, बायको सासूजवळ! गल्लीतल्या बायका नाकं मुरडतात. मुरडू देत. माझा विपुल पंधरा दिवसांनी येतो, मधल्या दिवसांत दोघांचं फोनवर गुलूगुलू चालतं. ऐकू येतं मला, बहिरी नाही मी.

तर त्या दिवशी वैजूची मोठी परीक्षा होती. तिने एक स्क्रिप्ट लिहिली होती, म्हणजे त्या मशीनने आपोआप करायच्या कामाचे हुकूम. ती संध्याकाळी साहेबांना दाखवायची. बरोबर चालली की वैजू टीमची मुख्य. पण मुख्य झालेल्या माणसाने पुण्याच्या ऑफिसातच बसायचं, असा त्यांचा नियम. आला का घोळ! सकाळी देवापुढे हात जोडले आणि काय मागावं तेच कळेना. शेवटी म्हटलं, देवा, तुझं तूच बघ बाबा.

दुपारी तिच्याच खोलीत तुरीच्या शेंगा सोलत बसले. विचारलं, "करते तरी काय गं तुझी ती स्क्रिप्ट?"

"आई, तिकडे टेबलात लाखो ग्राहकांच्या ओळी आहेत. सगळ्या एकदम उचलता येत नाहीत, म्हणून कर्सर उघडायचा. कर्सर म्हणजे ओळीवर ठेवलेलं बोट समजा. एक ओळ आणायची, त्या माणसाचं पत्र तयार करायचं, मग बोट पुढच्या ओळीवर. ओळी संपल्या की कर्सर बंद."

"एवढंच ना? मग इतकं टेन्शन कशाला घेतेस?"

"तुम्ही शेंगा सोला," ती म्हणाली. कामात असली की अशीच तोडून बोलते, मीच लाडावून ठेवलंय.

चाचणीत ग्राहकांची खरी नावं वापरायची नसतात, म्हणून तिने आमच्या गल्लीतली माणसं भरली होती. स्क्रिप्ट चालू केली, ज्याचं पत्र तयार झालं त्याचं नाव उमटत गेलं, आणि पडद्यावर अख्खी गल्ली उतरली! निंबा दूधवाला, चुडामण टेलर, कोपऱ्यावरचा लोटू. इंग्रजी अक्षरं येतात मला, मॅट्रिक आहे मी. वाचत वाचत खाली पोचते तर काय, कोकिळा, म्हणजे मीच. आणि त्याच्या खाली परत कोकिळा!

अगं बाई, मला काय भरून आलं म्हणून सांगू! बाकी सगळ्यांना एकेकदा आणि सासूला दोनदा. पंगतीत जवळच्या माणसाला आग्रहाने दुसरी मावा जलेबी वाढतात ना, तसं वाटलं.

वैजूने तिकडे पाहिलंच नव्हतं. सगळ्यात खाली 'पूर्ण' असं आलं, तेवढं बघून ती साहेबांना पाठवायला निघाली. मला कुठलं राहवतंय! म्हटलं, "काय गं लबाडे, सासूला दोन पत्रं? मस्का लावतेस होय?"

"दोन कुठे? एकदाच घातलंय तुम्हाला."

"मग हे काय? डोळे गेले का माझे?"

ती पडद्याकडे वाकली. मग कपाळावर हात मारून घेतला. "आई गं! ओळी संपल्या की मशीन सांगतं, आता काही उरलं नाही. पण माझी स्क्रिप्ट ते बघायच्या आधीच पत्र करून मोकळी होते. नवी ओळ आलेलीच नसते, हातात जुनीच असते. म्हणून शेवटच्या माणसाला दोन पत्रं!"

म्हणजे माया नव्हती, चूक होती. अस्सा राग आला! "आणि मला सगळ्यांच्या शेवटी घातलंस ते?" म्हटलं. पण ऐकतंय कोण? तिने हुकुमांची उलटापालट केली: आधी ओळ आली का ते बघायचं, मगच पत्र. पुन्हा चालवली. कोकिळा एकदाच.

संध्याकाळी साहेब खूश. पुढच्या महिन्यापासून पुणं पक्कं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला.

वैजू माझ्यासमोर येऊन बसली. "आई, हे चाललं तर मी जाणार, माहीत होतं तुम्हाला. तरी सांगितलंत?"

मोठेपणा घ्यायची आयती संधी होती. घेतला असता तर गल्लीत नाव झालं असतं माझं. पण तिच्यापुढे खोटं बोलायला जीभच वळेना.

"नाव दोनदा बघून हुरळले गं. पुणंबिणं तेव्हा डोक्यातच आलं नाही. आलं असतं ना, तर तोंड शिवून बसले असते. एक अक्षर बोलले नसते."

वाटलं, आता चिडेल. ती आधी हसली, मग रडायलाच लागली, आणि मला असं घट्ट धरलं की श्वास घेता येईना. मीही रडले. आपल्याच सुनेसाठी रडायची लाज कसली?