समुद्राची सुट्टी

उन्मेष जपानी मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. वादळात डेकवरून वाहून गेला, तो सापडलाच नाही. २०१७च्या जुलैत त्याची बायको हारुए पहिल्यांदाच एकटी कॅनडात हॅलिफॅक्सला सासरी आली.

सोमवारी सकाळी तिने सासऱ्यांना, रवींद्रना, सांगितलं, की आज जपानमध्ये समुद्राचे आभार मानायची सुट्टी असते. त्या दिवशी उन्मेष तिला हमखास किनाऱ्यावर न्यायचा. तो पोहायला शिकला तो इथेच, तेव्हा इथल्या पाण्यात फुलं सोडावीत, असं तिच्या मनात होतं.

रवींद्रनी ते पत्नीच्या, प्रमिलाबाईंच्या, कानावर घातलं. त्या कांदा चिरत होत्या. सुरी थांबली नाही.

"ज्याने माझा मुलगा गिळला, त्याचे आभार मानू? आणि फुलं गेलेल्या माणसाला वाहतात. माझा उन्मेष गेलेला नाही."

शेवटी रवींद्र आणि हारुए दोघंच बसने पॉइंट प्लेझंटच्या किनाऱ्यावर गेली. धुकं होतं. हारुएने ग्रोसरीतून आणलेली पांढरी शेवंती पाण्यात सोडली. भरती लागली होती. लाटेने फुलं परत खडकावर आणून टाकली. तिने पुन्हा सोडली, ती पुन्हा आली. मग ती बाकावर येऊन बसली आणि खाली मान घालून म्हणाली, की हिवाळ्यात ती लग्न करते आहे. माणूस चांगला आहे. यापुढे येणं जमणार नाही.

रवींद्रनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने खडकांवरची फुलं वेचली, प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली आणि जाताना कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्यांनी ते पाहिलं. अडवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिला एअरपोर्टवर सोडून ते घरी आले. प्रमिलाबाई खिडकीशी बसल्या होत्या.

"सोडलीत फुलं?"

"हो."

"म्हणजे तुम्हीसुद्धा सोडलंत त्याला."

फुलं समुद्राने घेतलीच नाहीत, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण ते ऐकून प्रमिलाबाई नव्या जोमाने उन्मेषची वाट पाहत बसल्या असत्या, आणि तसं झालेलं रवींद्रना आता सोसवलं नसतं. लग्नाचंही त्यांनी सांगितलं नाही. त्या दिवसापासून प्रमिलाबाई आपलं ताट घेऊन उन्मेषच्या खोलीत जेवू लागल्या, आणि रवींद्र स्वयंपाकघरात एकटेच.